माइक, मैफल आणि हातातला ग्लास

पबमध्ये जाणे ही गोष्ट पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतून अजूनही आवाज खाली करून सांगितली जाते. गेल्या काही वर्षांत मात्र तिला एक जोड मिळाली आहे. ‘आमचा मुलगा पबमध्ये जातो, पण गायला जातो,’ असे आई सांगते. त्या ‘पण’मध्ये अभिमान किती आणि काळजी किती, हे तिचे तिलाही ठरवता येत नाही. वडील बहुधा गप्प असतात. रक्तदाब मोजून होईपर्यंत ते थांबतात आणि मग विचारतात, ‘डॉक्टर, हे सगळं तब्येतीला कितपत चांगलं?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देण्यासारखे नाही. या संध्याकाळी मनाला पोषक असे बरेच काही घडते. त्याच संध्याकाळी कान, गळा, यकृत आणि झोप यांना धोकाही असतो. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली असल्यामुळे त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडणे आवश्यक आहे.

खुला माइक म्हणजे काय?

ज्या पालकांनी हा प्रकार पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आठवड्याच्या मधल्या वारी पबमध्ये गिऱ्हाईक कमी असते. अशा एखाद्या संध्याकाळी मालक एक कोपरा मोकळा करतो. तेथे एक माइक, दोन स्पीकर आणि एक उंच स्टूल एवढीच सामग्री असते. ज्याला गायचे आहे त्याने यादीत नाव लिहायचे. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दहा मिनिटे, म्हणजे दोन किंवा तीन गाणी येतात. परीक्षक नसतात, निवड नसते आणि बहुधा मानधनही नसते. कोणी स्वतः रचलेले गाणे गिटारवर म्हणतो, कोणी जुने हिंदी चित्रपटगीत, तर कोणी आजीकडून शिकलेली ओवी नव्या चालीत बांधून आणतो.

ही पद्धत रुजली ती अमेरिका, इंग्लंड आणि आयर्लंड येथे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातील गर्डीज फोक सिटी या ठिकाणी सोमवारची रात्र नवख्या गायकांसाठी खुली असे. त्याच ठिकाणी एप्रिल १९६१ मध्ये एकोणीस वर्षांच्या बॉब डिलनला जॉन ली हूकर या ज्येष्ठ गायकाच्या आधी गाण्याची संधी मिळाली. पुढे २०१६ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. इंग्लंडमध्ये पबमधील गाण्यावर कायद्याची करडी नजर होती. १९६४ च्या परवाना कायद्याखाली वेगळ्या परवान्याशिवाय दोनपेक्षा अधिक कलाकारांना तेथे गाता-वाजवता येत नसे. २००३ च्या कायद्याने तर एकट्या गायकासाठीही परवानगी आवश्यक केली. अखेर २०१२ च्या ‘लाइव्ह म्युझिक’ कायद्याने सकाळी आठ ते रात्री अकरा या वेळेत, दोनशे श्रोत्यांपर्यंतच्या लहान कार्यक्रमांना मोकळीक मिळाली; पुढे ही मर्यादा पाचशेपर्यंत वाढविण्यात आली.

आपल्याकडे खुला माइक नव्हता, पण खुली मैफल होती. एकादशीच्या भजनात टाळ हाती घेऊन बसलेल्या कोणालाही एखादा अभंग म्हणता येतो. सूर थोडा हलला तरी मागचे टाळकरी सांभाळून घेतात. गणेशोत्सवातील मेळ्यांनी आणि महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांनी कित्येकांना पहिल्यांदा लोकांसमोर उभे केले. फरक इतकाच, की तेथे आजोबांपासून नातवापर्यंत सारे एकत्र बसत आणि प्रसाद म्हणून खिरापत मिळे. पबमध्ये बसायचे तर काहीतरी मागवावे लागते आणि ते ‘काहीतरी’ बहुधा ग्लासातून येते.

मिळते ते काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रासलेली आहे. पुण्यासारख्या शहरात हे आकड्यांशिवायही दिसते. अकोला, लातूर, सांगली येथून नोकरीसाठी आलेली मुले तिघा-चौघांत एक सदनिका घेऊन राहतात. कामाच्या पाळ्या वेगळ्या असल्याने एकाच घरात राहून त्यांची आठवडाभर भेट होत नाही. अशा मुलांना बुधवारी संध्याकाळी एका ठिकाणी नावाने ओळखले जाणे, आपण गात असताना दहा अनोळखी माणसांनी बोलणे थांबवणे, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास येथे उपयोगी आहे. त्यांनी प्रौढांच्या नव्याने सुरू झालेल्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. काही वर्ग समूहगायनाचे होते, काही हस्तकलेचे आणि काही सर्जनशील लेखनाचे. सात महिन्यांच्या शेवटी सर्वच वर्गांतील माणसे एकमेकांच्या जवळ आली होती. परंतु गाणाऱ्यांमध्ये ही जवळीक फार लवकर निर्माण झाली. त्याच विद्यापीठातील रॉबिन डनबार यांनी २०१६ मध्ये केलेल्या पाहणीत, घराजवळच्या ठरलेल्या पबमध्ये जाणाऱ्यांना जिवलग मित्र अधिक असल्याचे दिसले. ही पाहणी बिअरप्रेमींच्या एका संघटनेसाठी केलेली होती, हे ध्यानात ठेवावे. शिवाय मित्र अधिक म्हणून माणूस पबमध्ये जातो की पबमध्ये गेल्याने मित्र वाढतात, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. दोन्ही एकत्र वाचली तर माझ्या मते निष्कर्ष असा, की जवळीक निर्माण होण्यासाठी गाणे, ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ पुरेशी आहे. मद्य त्यासाठी अनिवार्य नाही.

भीतीवरचे चुकीचे औषध

या साऱ्या प्रकारात मला सर्वांत गंभीर वाटते ती गोष्ट पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. मुले मजेसाठी पितात, असे ते गृहीत धरतात. गाणारी मुले पुष्कळदा भीतीपोटी पितात.

माइकसमोर उभे राहण्याची वेळ आली की शरीर संकटासाठी सज्ज होते. मूत्रपिंडांवरील ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. हृदय जोरात धडधडते, तोंड कोरडे पडते, तळहात घामेजतात, बोटे गार पडून थरथरतात आणि श्वास उथळ होतो. हा आजार नाही. नावाजलेल्या कलावंतांनाही तो चुकलेला नाही. बार्बरा स्ट्रायसँड या विख्यात गायिका १९६७ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अफाट जनसमुदायासमोर गाण्याचे शब्द विसरल्या आणि त्या धसक्याने त्यांनी पुढे अनेक वर्षे जाहीर मैफिली टाळल्या.

ही लाट गाण्याच्या जरा आधी आणि पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक असते. नंतर ती आपोआप ओसरते. मद्य ती लाट येण्यापूर्वीच दाबते. त्यामुळे त्या संध्याकाळी बरे वाटते, पण मेंदू जो धडा शिकतो तो चुकीचा असतो. ‘मी गाऊ शकलो’ असे तो शिकत नाही. ‘बिअर होती म्हणून निभावले’ असे शिकतो.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एका तरुणाची हकीकत सांगतो. वय सत्तावीस, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी, घर विदर्भात. प्रथम तो माझ्याकडे आला तो झोप लागत नाही आणि छातीत धडधडते म्हणून. हृदयाचा आलेख, थायरॉइड, हिमोग्लोबिन सारे ठीक होते. त्याच सुमारास तो खुल्या माइकला जाऊ लागला आणि त्याचा चेहरा खुलला. आठवड्याला एक दिवस तरी वाट पाहण्यासारखा आहे, असे तो म्हणे. सहा-सात महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा सांगत होता, ‘दोन बिअर घेतल्याशिवाय स्टेजवर पाय ठेवता येत नाही. आणि आता ऑफिसच्या प्रेझेंटेशनच्या आधीही तसंच वाटायला लागलंय.’

हे दुसरे वाक्य त्याने स्वतःहून उच्चारले, म्हणून त्याला वेळेवर मदत मिळाली. समुपदेशकाची जोड दिली. गाणे बंद करायचे नाही, असे आम्ही ठरवले. फक्त गाणे होईपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचे नाही. पहिल्या दोन खेपांना त्याचा आवाज कापला, एकदा अंतरा चुकला. चौथ्या खेपेस त्याने निरोप पाठवला, की आज हात थरथरत होते तरी गाणे पूर्ण झाले. भीती संपणे हे उद्दिष्ट नसतेच. भीती असताना गाता येते, हा अनुभव गाठीशी बांधायचा असतो.

गाणाऱ्या वाचकांसाठी चार साध्या सूचना.

यादीत नाव शक्यतो वरच्या क्रमांकावर लिहावे. जितकी प्रतीक्षा लांबते तितकी भीती वाढते आणि ग्लासही वाढतात. पहिले गाणे पूर्ण बसलेले आणि आपल्या सहज पट्टीतले असावे. क्रमांक येण्यापूर्वी पाच मिनिटे चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. आणि मित्राने दिलेली ‘धडधडीची गोळी’ घेऊ नये. प्रोप्रॅनोलॉल हे औषध काही कलावंत वापरतात, हे खरे. परंतु दमा असलेल्या व्यक्तीला त्याने श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो, मधुमेहात साखर उतरल्याची लक्षणे त्यामुळे झाकली जातात आणि ज्यांची नाडी मुळातच मंद आहे त्यांना ते त्रासदायक ठरते. ते डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यावे.

ग्लासाचे गणित

‘मी दारू घेत नाही, फक्त बिअर घेतो,’ हे वाक्य दवाखान्यात वारंवार ऐकू येते. आकडे पाहू. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. आठ टक्के मद्यार्काच्या ‘स्ट्राँग’ बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका मोठ्या बाटलीत तो सुमारे ४१ ग्रॅम असतो. म्हणजे ‘फक्त एक बिअर’ ही चार लहान पेगांच्या बरोबरीची आहे. पाच टक्क्यांच्या सौम्य बिअरची ३३० मिलिलिटरची लहान बाटली घेतली तरी १३ ग्रॅम होतात.

यकृत हे काम आपल्या गतीने, तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम इतकेच करते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ती गती वाढत नाही. आपल्या देशात वाहन चालविताना रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे. इंग्लंडमध्ये ती ८० आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरील ‘एवढे चालते’ हा सल्ला येथे लागू होत नाही. सत्तर किलो वजनाच्या पुरुषालाही दोन लहान पेगांनंतर आपली मर्यादा ओलांडली जाऊ शकते. स्त्रियांमध्ये ती सामान्यतः त्याहून लवकर ओलांडली जाते. गाडीची किल्ली घरी ठेवून निघणे, हा एकच नियम पाळण्याजोगा आहे.

कायद्याची बाजूही पालकांनी जाणून घ्यावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची किमान अट २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे आहे. आणि वैद्यकाची बाजू म्हणाल तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही.

कानाला परत फिरण्याची वाट नाही

मद्याची चर्चा निदान होते तरी. कानाची होतच नाही. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात, शंखाच्या आकाराच्या नळीत, सुमारे पंधरा हजार सूक्ष्म रोमपेशी असतात. ध्वनीच्या लहरीचे मज्जासंदेशात रूपांतर त्यांच्यामुळे होते. मोठ्या आवाजाने त्या आधी थकतात आणि मग मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

ध्वनीची पातळी ३ डेसिबलने वाढली की त्याची ऊर्जा दुप्पट होते. अमेरिकेतील व्यवसायजन्य आरोग्य संस्थेच्या निकषानुसार ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास, ९४ डेसिबल एक तास आणि १०० डेसिबल अवघी पंधरा मिनिटे सोसण्याजोगा आहे. बंदिस्त, लहान पबमध्ये स्पीकरजवळ ९५ ते १०० डेसिबल सहज भरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा ठिकाणांसाठी मानक ठरवून दिले. आवाजाची पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी, तिची नोंद ठेवावी, श्रोत्यांना कानबोळे मिळावेत आणि कानाला विसावा देणारी एक शांत जागा असावी, असे त्यात म्हटले आहे.

घरी परतल्यावर कानात ‘कुईं’ असा आवाज येत राहणे किंवा कान दडे बसल्यासारखे वाटणे, ही पहिली सूचना समजावी. सकाळी बरे वाटले म्हणून इजा झालीच नाही, असे मानू नये. दर आठवड्याला जाणाऱ्याने औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे खिशात ठेवावेत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी गाळणी असलेले खास बोळे मिळतात. त्यांनी आवाज कमी होतो, पण सूर बिघडत नाही. कापसाचा उपयोग नाही. स्पीकरच्या तोंडाशी बसू नये आणि तासाभराने दहा मिनिटे बाहेर यावे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण या विकारात उपचाराचे पहिले दिवस मोलाचे असतात.

गळा बसतो तो गाण्याने नव्हे

पबमध्ये गाऊन आलेल्या मुलाचा आवाज बसला की दोष गाण्याला दिला जातो. प्रत्यक्षात गाणे दहाच मिनिटांचे असते. उरलेले तीन तास तो संगीतावर आवाज चढवून मित्रांशी बोलत असतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडले आणि त्या परिणामाला आज त्यांचेच नाव आहे. स्वरतंतूंवर खरा ताण येतो तो यामुळे. त्यात रात्री अकराला तळलेले पदार्थ, वर मद्य आणि लगेच अंथरूण अशी भर पडली, की पोटातील आम्ल घशापर्यंत येते.

बोलायचे असेल तर दाराबाहेर जाऊन बोलावे, पाणी पीत राहावे, जेवण जाण्यापूर्वी करावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज घोगरा राहिला तर स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्यांनी तर ती मुळीच टाळू नये. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे. धूम्रपानासाठी वेगळी खोली ठेवलेल्या जागी निदान तिच्या दाराशी बसू नये.

झोपेचेही पाहावे. मद्याने झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटते. दुसऱ्या दिवशीची चिडचिड आणि डोकेदुखी यात जागरणाइतकाच या तुटलेल्या झोपेचा वाटा असतो.

घराने काय करावे?

पहिली गोष्ट, एकदा जाऊन पाहावे. आईवडील समोर बसले तर मुलगा किंवा मुलगी संकोचेल, हे खरे. त्यामुळे विचारून जावे, मागच्या टेबलावर बसावे, ताजे लिंबू सरबत मागवावे. ज्या जागेची कल्पना करून झोप उडते, ती प्रत्यक्षात बहुधा तितकी भयंकर नसते. आणि तशी निघालीच, तर बोलायला अनुमानाऐवजी पाहिलेली गोष्ट हाताशी असते.

दुसरी गोष्ट, धोक्याची चिन्हे ओळखावीत. गाणे नसलेल्या दिवशीही पिणे, प्रमाण लपवणे, सकाळी हात थरथरणे, कामाला दांड्या, पैशांची ओढाताण, किंवा पिण्याविना माणसांत जाण्याची भीती यांपैकी काही दिसले तर रागावण्यात वेळ घालवू नये. कुटुंबाच्या डॉक्टरांना भेटावे. दररोज अधिक प्रमाणात पिणाऱ्याने ते एकाएकी आणि एकट्याने बंद करणेही धोक्याचे असते. त्यात झटके येऊ शकतात. ते वैद्यकीय देखरेखीखालीच करावे.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांच्या हातातली आहे. ही मुले पबमध्ये जातात, कारण कोणतीही निवडचाचणी न घेता त्यांना उभे करणारी दुसरी जागा शहरात फारशी उरलेली नाही. आपल्या गृहसंकुलांतील सभागृहे वाढदिवस आणि वार्षिक सभा सोडल्यास कुलूपबंद असतात. महिन्यातून एक शनिवार, सायंकाळी सात ते साडेनऊ, एक माइक, एक लहान स्पीकर, यादीत नाव लिहील त्याला दहा मिनिटे आणि चहाचा थर्मास, एवढ्याला खर्च किती येतो? निवृत्त काकांचे नाट्यगीत आणि तिसऱ्या मजल्यावरील भाडेकरू मुलीचे गिटारवरचे गाणे एकाच यादीत येऊ शकतात. तिने पब सोडावा, अशी अट घालू नये. तिला दुसरी जागाही आहे, एवढे तिला कळले तरी पुरे.

आणि तोवर, मुलगा रात्री उशिरा घरी आला तर दारातच ‘किती घेतलीस?’ असे विचारू नये. तो प्रश्नही विचारावा, पण दुसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, शांतपणे. दारात ‘आज काय गायलास?’ एवढेच विचारावे. त्याचे उत्तर देण्यासाठी तो दोन मिनिटे थांबला, तर पुढच्या प्रश्नाचे उत्तरही खरे मिळण्याची शक्यता वाढते.